कपडेपटातल्या दुपारी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एक सुखवस्तू दिवाणखाना दिसतो. डावीकडे खिडकी, तिच्याबाहेर रंगवलेलं आकाश. मध्ये सोफा, उजवीकडे भलंथोरलं लाकडी दार. पण आज समोर प्रेक्षक नाहीत. दुपारची वेळ आहे, खुर्च्या रिकाम्या आहेत आणि वर एकच साधा दिवा जळतो आहे. दाराशी एक माणूस गुडघ्यावर बसून बिजागरीला तेल घालतो आहे. तो दार उघडतो, लावतो, कान देऊन ऐकतो, पुन्हा उघडतो. वर, लाकडी जिन्याच्या टोकाला, कपडेपटाच्या खोलीत एक बाई इस्त्री करते आहे. ओल्या कापडावर इस्त्री फिरल्याचा फुस्स असा आवाज खालपर्यंत येतो. मग तो आवाज थांबतो. दाराशी बसलेला माणूस तेलाची बाटली बाजूला ठेवतो, पँटला हात पुसतो आणि जिना चढू लागतो.

एवढाच प्रवेश. संवाद नाहीत.

आमच्या नाटकाचा प्रयोग असला की दुपारी हा प्रवेश व्हायचाच. त्या नाटकात मी आईचं काम करायचे. चेहऱ्यावर रंग चढवायला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागायचा, म्हणून लवकर यायचे आणि रंगपटात बसून जिन्याच्या पायऱ्यांचा आवाज ऐकायचे. मला कसलंही वाईट वाटत नसे. उलट बरंच वाटायचं. ज्या इमारतीत रोज संध्याकाळी खोटं प्रेम होतं, तिथे दुपारचं थोडं खरं झालं तर वास्तूला तेवढाच दिलासा.

तिला आम्ही टाचणी म्हणायचो. कोट, झगे, शाली, हुक, बटणं, अस्तरं, सगळा कपडेपट तिच्या ताब्यात. दिवसभर ओठांत टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं म्हणजे मानेने हो आणि भुवईने नाही. भांडायचं असलं की आधी एकेक टाचणी काढून उशीत खोचायची. तेवढ्या वेळात समोरच्याचा राग गेलेला असायचा आणि बहुतेक वेळा तिचाही. तिची आई म्हणायची, "टाचण्या धरून धरून पोरीने जीभ बोथट करून घेतली. देवाने दिलेली, वापरायची तरी होती."

तो नेपथ्याचा सुतार. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. रुंद खांदे, कानामागे पेन्सिल, भुवयांत कायम भुसा.

दोघांचं जुळलं ते एका खिळ्यामुळे. नाटक उभं राहत होतं त्या आठवड्यात दाराच्या चौकटीतून एक खिळा बाहेर राहिला आणि नायकाचा नवा कोट पाठीत टर्रकन फाटला. टाचणी कोट घेऊन तरातरा खाली आली. नायक तोवर घरी गेलेला. शिवायचा तर माणसाच्या अंगावर बसवून शिवायला हवा. मिस्त्रीचे खांदे नायकाच्या मापाचे. ती म्हणाली, "खिळा तुमचा, तर पाठही तुमचीच. चला वर." त्याला कोट घालून उभं केलं आणि म्हणाली, "हलू नका."

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण संध्याकाळी रंगीत तालमीत प्रेमाचा प्रवेश ऐन रंगात आला असताना नायक "आई गं!" करून ओरडला. कोटाच्या पाठीत टाचण्या तशाच राहिल्या होत्या. दिग्दर्शक चिडला. टाचणीने मान खाली घातली. मिस्त्री विंगेत उभा राहून छताकडे बघत होता. आम्ही काय ते समजलो.

दोघंही मोकळी होती, जाणत्या वयाची होती. कुणाचं काही चोरलं नव्हतं. मी आजही त्या दुपारींना नावं ठेवणार नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

माणसं एकमेकांच्या जवळ येतात तेव्हा मध्ये बराच मोठा रस्ता असतो. काहीतरी निमित्त काढून बोलायचं, उगाच वाट बघायची, घरी कोण कोण आहे विचारायचं, काहीतरी चुकीचं बोलून जायचं आणि मग दोन दिवस झुरायचं. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला महिना लागतो आणि तो महिना आयुष्यभर पुरतो. या दोघांना त्या रस्त्याने चालावंच लागलं नाही. पहिल्याच दुपारी दोघं मुक्कामाला पोचली. मग मागे वळून रस्ता कोण बघतो? नाटकाचे प्रयोगांवर प्रयोग होत गेले, पण टाचणी त्याला 'तुम्ही'च म्हणत राहिली. त्याला किती भावंडं आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. तिला उंचीची भीती वाटते हे त्याला ठाऊक नव्हतं. भांडण झालं की बोलून मिटवायची गरजच पडत नसे, तो वर जायचा आणि ते मिटायचं. मिटायचं म्हणजे काय, तसंच राहायचं, फक्त दिसेनासं व्हायचं.

एकदा सुट्टीच्या दिवशी ती दोघं बाहेर भेटली. ही कल्पना माझीच. "अगं, एकदा उजेडात बसा की समोरासमोर," मी म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्या पाठीचे हुक लावत असताना मी विचारलं, "काय मग? काय गप्पा झाल्या?"

"चहा प्यायलो."

"आणि?"

"टेबलाचा पाय डुगडुगत होता. त्यांनी कागदाची घडी करून खाली घातली."

"आणि तू?"

"त्यांची कॉलर नीट केली." तिने पुढचा हुक लावला. मग म्हणाली, "बाई, आमच्या नाटकाचा तिसरा अंक आधी झालाय. आता पहिला करायला बसलं की दोघांनाही झोप येते."

मी पोट धरून हसले. ती नाही हसली.

त्याच सुमारास तिच्या आईने एक स्थळ आणलं. चष्म्याच्या दुकानात काम करणारा, शांत, जरा जास्तच शिष्टाचाराचा माणूस. आम्ही त्याचं नाव चष्मेवाला ठेवलं. आईच्या हट्टाखातर टाचणी त्याला भेटली. एकदा भेटली, मग पुन्हा भेटली, आणि दुसऱ्या भेटीनंतर मला म्हणाली, "बाई, तो विचारतो फार."

"काय विचारतो?"

"झोप लागली नाही की तू काय करतेस, असं विचारलं. मला असं कधी कुणी विचारलेलं नाही."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं. बटणांचे डबे लावत बसते म्हणून. रंगांप्रमाणे. तर म्हणाला, मीसुद्धा काचा पुसत बसतो." असं म्हणताना तिचा चेहरा असा काही झाला, की मी आरशातून तिच्याकडे बघतच राहिले. लगेच तिने ओठांत टाचण्या धरल्या. बऱ्याच वेळाने त्या काढून म्हणाली, "पण इतकं झाल्यावर आता दुसऱ्याकडे कसं बघायचं?"

"इतकं म्हणजे काय गं? तू काही विकली गेली नाहीस."

"तसं नाही. मी यांचीच आहे, हे मला माहीत आहे. त्यांनी एकदा तसं म्हणावं, एवढंच. एकदा म्हणावं, की मी चष्मेवाल्याला नाही सांगून मोकळी."

हे तिचं मागणं. एक वाक्य. मिस्त्रीच्या मनात ते वाक्य पहिल्याच दुपारी म्हणून झालेलं होतं, त्यामुळे त्याला ते पुन्हा म्हणायचं सुचणार नव्हतं. आणि टाचणीला वाटायचं, सगळं देऊन झाल्यावर आता विचारायला गेलं तर ते मोबदला मागितल्यासारखं दिसेल. तरी तिने एक दिवस धीर केला.

आमच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक प्रसंग होता. नायिका म्हणते, "इतके दिवस तुम्ही येता, बसता, जाता. मी तुमची कोण, एवढं एकदा सांगून टाका." त्यावर नायक ते भलंथोरलं दार उघडतो आणि म्हणतो, "हे दार मी तुझ्यासाठीच उघडं ठेवलंय. आता आत ये आणि तूच लावून घे." टाळ्या ठरलेल्या. दार अवजड होतं, ऐन वेळी करकरायचं, म्हणून मिस्त्री रोज त्या दारामागे हात लावून उभा राहायचा. टाचणी पुढच्या प्रवेशाची शाल घेऊन विंगेत उभी असायची. दोघांनीही ती वाक्यं इतक्यांदा ऐकली होती, की झोपेत उठवलं असतं तरी म्हणून दाखवली असती.

त्या दुपारी तो वर आला तेव्हा तिने सगळ्या टाचण्या उशीत खोचल्या, इस्त्री उभी केली आणि बोलायला तोंड उघडलं. स्वतःचे शब्द तिच्याजवळ नव्हते, कधी लागलेच नव्हते. तिच्या तोंडून आलं, "इतके दिवस तुम्ही येता, बसता, जाता. मी तुमची कोण, एवढं एकदा सांगून टाका."

मिस्त्री क्षणभर बघत राहिला. मग खदखदून हसला. एक पाऊल मागे गेला, छाती पुढे काढली आणि नायकाच्या खर्जात म्हणाला, "हे दार मी तुझ्यासाठीच उघडं ठेवलंय!" वाक्य शेवटपर्यंत म्हटलं, हातवाऱ्यांसकट. मग हातोडी उचलून, शीळ घालत खाली गेला.

संध्याकाळी ती माझ्याकडे धावतच आली. "बाई, ठरलं!"

"काय ठरलं?"

"त्यांनी सांगितलं." आणि तिने मला ते वाक्य ऐकवलं.

"अगं वेडे, हे तर दुसऱ्या अंकातलं!"

"माहीत आहे मला. पण त्यांनी मनापासून म्हटलं."

"तुला कसं कळलं?"

"आपला नायक तरी कुठे मनापासून म्हणतो? मला फरक कळतो, बाई."

"त्याला वाटलं असेल तू नक्कल करते आहेस. परत विचार. साध्या शब्दांत विचार."

तिने मान हलवली. "एकदा मिळालेलं परत मागायचं नसतं." त्याच रात्री तिने आईला सांगून टाकलं आणि चष्मेवाल्याला नकार गेला.

आई दुसऱ्याच दिवशी नाट्यगृहावर हजर. बाई बुटकी, पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. आमच्याकडे असती तर नाव काढलं असतं. मिस्त्री शिडीवर होता, खिडकीबाहेरचं आकाश रंगवत होता. मी सोफ्यावर बसून माझे संवाद पुन्हा घोळवत होते.

"अहो जावईबापू," आई खालून म्हणाली, "आकाश नंतर रंगवा. आधी खाली या. कधीचं धरायचं ते ठरवू."

"काय धरायचं?"

"काय म्हणजे? लग्न!"

"कुणाचं?"

तेवढ्यात टाचणी जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आली होती. हातात कुणाचा तरी सदरा. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. "अगं, तो तर... मी तर गमतीने... तू डायलॉग मारलास ना?"

ब्रशावरचा निळा रंग शिडीच्या पायरीवर ठिबकत होता. मिस्त्री खाली उतरला. त्याने आईकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि चांगल्या माणसाने म्हणावं तसं म्हणाला, "बरं, करू. मी नाही कुठे म्हणतोय? इतकं सगळं झाल्यावर आता नाही म्हणणं बरं दिसत नाही."

आईचा आवाज एकदम खाली आला. "इतकं सगळं म्हणजे?"

टाचणीने सदऱ्याची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली. मला वाटलं, आता ही सदरा फेकून देईल आणि नको म्हणेल. तिला हवं होतं ते हे नव्हतं, हे मला दिसत होतं, तिलाही दिसत होतं. पण आई सोफ्यावर मटकन बसली होती आणि म्हणत होती, "आधी कळस, मग पाया! माझ्याच घरात!" आणि टाचणी जिन्यावरूनच म्हणाली, "चालेल."

लग्न कचेरीत झालं, सह्या करून. सगळी मंडळी गेली होती. दोघं छान दिसत होती. फोटोत मिस्त्रीच्या अंगावर नायकाचाच कोट आहे, पाठीत रफू केलेला.

पुढे वर्ष-दोन वर्षांत नाटक बंद झालं, सेट मोडला, मंडळी पांगली. मिस्त्रीने एक कारखाना धरला, तिथे दारं-खिडक्या बनायच्या. कारखान्यामागच्या खोलीत त्यांचा संसार. मी अधूनमधून जायचे. खोली बघून जीव निवायचा. कपाट, पलंग, फळ्या, सगळं त्याच्या हातचं, गुण्या लावून काटकोनात बसवलेलं. दारू नाही, शिवी नाही, हात उगारणं नाही. टाचणीच्या हातचं सगळं टापटीप. आणि दोघं एकमेकांशी अशी वागायची, जशी एका पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्याशी वागावं. "पाणी हवंय का?" "नको, तुम्ही बसा." दुपारचा जिना संपला होता. रोज एकाच दाराने आत यायचं म्हटल्यावर त्या दुपारींची ओढही हळूहळू विरली, आणि तीच त्यांची एकुलती एक भाषा होती. ती गेल्यावर दुसरी कुठून आणायची?

प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा तिने जेवता जेवता विचारलं, "लहानपणी तुम्हाला काय व्हावंसं वाटायचं?" मिस्त्रीने घास खाली ठेवला, तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "बरं नाही का तुला?" हे तिनेच मला सांगितलं. हसवायला सांगितलं, आणि आम्ही हसलोही.

मिस्त्रीचीही बाजू आहे, आणि मी त्याच्याही बाजूने उभी राहीन. एकदा मला बसथांब्यावर सोडायला आला होता. बस येईना. तो म्हणाला, "बाई, तिला तो चष्मेवाला आवडला होता ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"दिसतं की. माझ्यामुळे अडकली बिचारी. त्या दुपारी झाल्या नसत्या, तर तिकडे गेली असती. सुखात असती."

"अरे, तिला तू हवा होतास! तुझ्या तोंडून एक शब्द हवा होता."

"मग बोलायची की. मला वाटायचं, हिला बोलणं आवडत नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, हलू नका. मी आपला हललो नाही."

मी हे सगळं टाचणीला जाऊन सांगितलं. शब्दन् शब्द. म्हटलं, तो समजतो तू नाइलाजाने केलंस. तू समजतेस त्याने नाइलाजाने केलं. आज संध्याकाळी एकदा बोला. तिने ऐकून घेतलं. उसवलेली उशी शिवत होती, शिवतच राहिली. म्हणाली, "आता कुठे, बाई. इतकी वर्षं झाल्यावर." आधी "इतकं झाल्यावर" होतं. आता वर्षांची भर पडली होती.

मिस्त्री गेला छातीच्या दुखण्याने. लाकडाचा भुसा आयुष्यभर आत गेलेला. मी भेटायला गेले तेव्हा कारखान्यातली माणसं अंगणात बसली होती. कुणीतरी त्याची एक आठवण सांगितली आणि सगळे फसकन हसले. मग ओशाळून गप्प झाले. मग दुसऱ्याने दुसरी सांगितली, पुन्हा हसू. कारखान्यात म्हणे जेवणाच्या सुट्टीत त्याच्याभोवती घोळका असायचा. साहेबाची नक्कल, गिऱ्हाइकाची नक्कल, काय काय सांगायचा. टाचणी दाराच्या आत उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या कुणाच्या माणसाबद्दल ऐकावं, तसं लक्ष देऊन.

त्यानंतर ती काही वर्षं होती. आमची शेवटची भेट झाली तेव्हा डोळ्यांनी कमी दिसत होतं, सुईत दोरा ओवायला शेजारीण लागायची. मी गेले तर पलंगाच्या कडेवर बसली होती. माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, "बाई, तुम्ही तर तेव्हा रोज असायचात. त्यांचा एखादा विनोद आठवतो का? मला सांगा ना. मी ऐकलेला नाही एकही."

माझ्या जिवात जीव आला. हे मला जमण्यासारखं होतं. मी पदर सावरला, उभी राहिले, त्याच्यासारखी कानामागे पेन्सिल खोचल्याचा अभिनय केला आणि आवाज त्याचा काढला. एकदा दुसऱ्या एका नाटकासाठी दिग्दर्शक त्याला म्हणाला होता, राजासाठी भक्कम सिंहासन कर. मिस्त्रीने विचारलं, "राजा कितव्या अंकापर्यंत जगतो?" दिग्दर्शक म्हणाला, "पहिल्याच अंकात मरतो." तर मिस्त्री म्हणाला, "मग खिळे कशाला वाया घालवू? डिंकाने चिकटवतो, मरेपर्यंत टिकेल."

सगळी कला पणाला लावली होती मी. खाली मंचावर त्याने हे सांगितलं होतं तेव्हा नायकाला हसून हसून ठसका लागला होता. टाचणीचा चेहरा तसाच राहिला.

"हे कधीचं?" तिने विचारलं.

"अगं, आपल्याच नाटकाच्या वेळचं. दुपारच्या चहाला सांगायचा असलं काहीतरी. वर तुझ्याकडे यायच्या आधी."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी पाण्याचा पेला भरून तिच्या हातात दिला, तो तिने घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"म्हणजे," ती म्हणाली, "सगळं हसून घेऊन मग वर यायचे."